कंपन्या एवढ्या, तरी प्रीमियम चढताच का?

(आमच्याकडून आरोग्य विमा घेतलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नूतनीकरणाची नोटीस घेऊन आलेला माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतो, "कंपन्या वाढल्या तसे मोबाइलचे दर उतरले, मग हे का वर चाललंय?" प्रश्न रास्त आहे. दर वेळी घाईत अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा लिहूनच काढलं.

1986 मध्ये मेडिक्लेम आली तेव्हा न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांपलीकडे पर्याय नव्हता. विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं करणारा 1999 चा कायदा झाला, पुढच्या वर्षीपासून खासगी कंपन्या आल्या, 2006 मध्ये फक्त आरोग्य विमा विकणारी पहिली कंपनी, स्टार हेल्थ, सुरू झाली. आज पंचवीसहून जास्त कंपन्या हा धंदा करतात. त्याचा फायदा झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. संपलेली रक्कम त्याच वर्षात पुन्हा भरून मिळणं, क्लेम न घेतल्याबद्दल बोनस, खोलीभाड्याला मर्यादा नसलेल्या पॉलिसी, हे सगळं कंपन्यांच्या चढाओढीतून आलं.

पण ही चढाओढ पॉलिसी विकताना होते. हॉस्पिटलचं बिल दुसऱ्याच टेबलावर ठरतं.

बिल कोण ठरवतं?

कंपनी आणि हॉस्पिटल यांच्यात दराची घासाघीस होते. तिथे ज्याचं वजन जास्त, त्याचं चालतं. एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात महिन्याला शंभर पेशंट येत असतील आणि ते वीस कंपन्यांत विभागलेले असतील, तर एकेका कंपनीच्या वाट्याला पाच. पाच पेशंटच्या जोरावर कोण दर कमी करून देणार? उलट ते हॉस्पिटल कंपनीच्या यादीत नसलं तर ग्राहकच दुसरी कंपनी बघतो. म्हणजे कंपन्या जितक्या जास्त, तितकी त्यांची हॉस्पिटलपुढची ताकद विखुरलेली.

याचं उलट उदाहरण 2010 चं. त्या वर्षी जुलैत चारही सरकारी कंपन्यांनी एकी करून मुंबई, दिल्ली, चेन्नई, बंगळुरूच्या बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत कॅशलेस (बिल कंपनीने थेट हॉस्पिटलला भरायची सोय) बंद केलं. पेशंटचे हाल झाले, ओरड झाली, पण त्यातूनच ठरलेल्या पॅकेज दराने काम करणाऱ्या हॉस्पिटलांची यादी तयार झाली. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या जाळीचं, म्हणजे स्टेंटचंही तसंच. फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये केली, तेव्हा कुठे ती खाली आली. बाजारात स्टेंटच्या कंपन्या काय कमी होत्या?

आम्ही मिरजेत बसतो. इथे मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या डॉ. वॉनलेस साहेबांच्या काळापासून हे दवाखान्यांचं गाव. अथणी-विजापूरपासून पेशंट येतात. बोळाबोळात हॉस्पिटल आहे, म्हणून दर पडलेत का? छातीत कळ आली की कोणी चार ठिकाणी भाव विचारत फिरत नाही. फॅमिली डॉक्टर चिठ्ठी देतो तिकडे रिक्षा वळते. हॉस्पिटलांची स्पर्धा मशीन कोणाचं नवीन यावर होते, आणि त्या मशीनचा हप्ताही बिलातूनच फिटतो. महाराष्ट्रात 2021 च्या नियमांनुसार ठराविक सेवांचे दर दर्शनी भागात लावणं हॉस्पिटलला बंधनकारक आहे. ॲडमिशनच्या वेळी "मेडिक्लेम आहे का?" हा प्रश्न आला की आपणही विचारावं, "दरपत्रक कुठंय?"

खोलीचा हिशोब

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात. समजा पाच लाखांची आरोग्य संजीवनी (सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींवर मिळणारी पॉलिसी) आहे. खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला 5,000. नातेवाइकांनी 8,000 ची डिलक्स घेतली, चार दिवस. मनातला हिशोब: वरचे तीन-तीन हजार, म्हणजे 12,000 आपण भरू.

तसं होत नाही. खोलीचे 32,000 पैकी 20,000 मिळतील, ते ठीक. पण सर्जन, भूल आणि ऑपरेशन थिएटरचं बिल 96,000 झालं असेल, तर त्यातलंही 8,000 ला 5,000 या प्रमाणात पाच-अष्टमांशच मान्य होतं: 60,000. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, त्यामुळे त्यांचे 70,000 पूर्ण धरले. एकूण बिल 1,98,000, मान्य 1,50,000, त्यातून पॉलिसीच्या अटीप्रमाणे ग्राहकाने भरायचा 5 टक्के सहभाग वजा. हातात 1,42,500. खिशातून 55,500! आणि 5,000 ची खोली घेतली असती तर बऱ्याच ठिकाणी सर्जनची फीसुद्धा कमी लागली असती, कारण ती खोलीच्या वर्गावर असते.

पोर्टिंग कोणासाठी?

1 ऑक्टोबर 2011 पासून कंपनी बदलता येते आणि आधी पूर्ण केलेला वेटिंग पीरियड (काही आजारांचा क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ) वाया जात नाही. अर्ज नूतनीकरणाच्या किमान 45 दिवस आधी करायचा. ऐकायला छान आहे. पण नवी कंपनी तुम्हाला घेईलच असं नाही. साखर, बीपी, एखादी अँजिओप्लास्टी कागदावर असली की ती नकार देऊ शकते. जुनी कंपनी क्लेम घेतला म्हणून नूतनीकरण नाकारू शकत नाही, पण त्या पॉलिसीचा सगळ्यांसाठीचा दर मात्र वाढवू शकते. म्हणून स्पर्धेचा फायदा निरोगी माणसालाच मिळतो. आजारी पडला की तो त्या कंपनीचा बांधील. पहिल्या वर्षी सगळ्यात स्वस्त दिसणारी पॉलिसी बघताना पंचावन्न आणि पासष्ट वयाचा दर आजच विचारा. तक्त्यात तो असतो.

साठीपुढच्यांना थोडा दिलासा आहे: जानेवारी 2025 पासून विमा नियामकाशी सल्लामसलत केल्याशिवाय त्यांचा प्रीमियम वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची एकत्र) पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटीही गेला. मात्र कंपन्यांना त्यांच्या खर्चावरच्या कराची वजावट आता मिळत नाही आणि तो भार त्या मूळ दरात घालू शकतात, त्यामुळे नोटीस आली की मूळ दर गेल्या वर्षीच्या मूळ दराशीच ताडून बघा. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीला ही करमाफी नाही.

आमच्याबद्दलही

कमिशन आम्हालाही मिळतं, लपवण्यासारखं काही नाही. 2023 पर्यंत वैयक्तिक पॉलिसीवर 15 टक्क्यांची वेगळी मर्यादा होती. आता कमिशन धरून कंपनीच्या एकूण खर्चालाच मर्यादा आहे, फक्त आरोग्य विमा विकणाऱ्यांना प्रीमियमच्या 35 टक्के आणि इतर जनरल कंपन्यांना 30. तेव्हा कंपन्यांची एक स्पर्धा आमच्यासारख्यांना खूश ठेवायचीही असते. एखादी पॉलिसी आम्ही फारच जोर लावून सांगू लागलो, तर कमिशन किती ते सरळ विचारा.

2023-24 मध्ये सरकारी कंपन्यांनी मिळालेल्या प्रीमियमच्या शंभर टक्क्यांहून जास्त क्लेम दिले, स्वतंत्र आरोग्य विमा कंपन्यांनी पासष्टच्या आसपास. पण म्हणून लगेच सरकारीकडे धावू नका. तोट्यातली कंपनीही शेवटी दर वाढवूनच भरपाई करते.

नूतनीकरणाच्या दोन महिने आधी या. जुनी पॉलिसी, गेल्या तीन वर्षांच्या नोटिसा आणि मागे घेतलेल्या क्लेमचं डिस्चार्ज कार्ड सोबत आणा. साखर लपवू नका, ती आम्हाला नाही तरी लॅबला कळतेच. शनिवारी दुपारनंतर ऑफिस बंद असतं.