युनिकोड आणि यूटीएफ-८ : मराठी मजकूर नेमका कुठे बिघडतो

विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये फाइल सेव्ह करताना एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतींची, एक छोटी यादी यायची. त्यात ‘युनिकोड’ आणि ‘यूटीएफ-८’ हे दोन वेगवेगळे पर्याय म्हणून दिसायचे. आजही अनेक चांगल्या डेव्हलपरांच्या डोक्यात या दोन गोष्टींची गल्लत असते, त्यात या यादीचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे. तिथलं ‘युनिकोड’ म्हणजे प्रत्यक्षात यूटीएफ-१६ ही यूटीएफ-८ सारखीच दुसरी एक पद्धत होती. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने त्या पर्यायाचं नाव सुधारलं, पण ‘युनिकोड वापरू की यूटीएफ-८?’ हा प्रश्न तोवर रुळला होता. या दोघांत निवड करायचीच नसते. दोन्ही एकदमच लागतात.

युनिकोड म्हणजे चिन्हांना दिलेले क्रमांक. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. देवनागरीची मांडणी ‘इस्की’ या भारतीय मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली आणि मुख्य विभागात १२८ जागा ठेवल्या. त्यात ‘क’चा क्रमांक २३२५, ‘म’चा २३५०. हा क्रमांक डिस्कवर किती बाइटमध्ये आणि कसा लिहायचा, हा पुढचा प्रश्न, आणि यूटीएफ-८ हे त्याचं एक उत्तर. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये, ताटाखालच्या कागदी मॅटवर त्याचा आराखडा मांडला. साध्या इंग्रजी अक्षराला १ बाइट, देवनागरी चिन्हाला ३, बहुतेक इमोजींना ४. ‘क’ फाइलमध्ये २२४, १६४, १४९ असा जातो आणि ‘म’ २२४, १६४, १७४ असा. देवनागरीच्या या विभागातल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५.

हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण बिघाड झाला की ते डोळ्यांनी दिसतात. समजा, डेटाबेसमधून ग्राहकांच्या नावांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) काढली आणि विंडोजवर डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली. फाइलच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग सांगणारी बाइटांची खूण) नसेल तर एक्सेल ती बहुधा जुन्या लॅटिन कोडपेजने, म्हणजे कोणता बाइट कोणतं अक्षर हे सांगणाऱ्या तक्त्याने, वाचतं. तिथे २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा लॅटिन ‘ए’ आणि १६४ म्हणजे चार कोपऱ्यांना काटे असलेलं गोल चलनचिन्ह. अख्ख्या रकान्यात हीच जोडी पुन्हापुन्हा दिसली की समजावं, मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला गेलाय. एक्सेलच्या ‘डेटा’ टॅबमधून फाइल इम्पोर्ट करून यूटीएफ-८ निवडा, किंवा फाइल बनवतानाच सुरुवातीला बीओएमचे तीन बाइट घाला. मात्र ती फाइल त्या अवस्थेत सेव्ह करू नका. हलन्ताचा (जोडाक्षरासाठी अक्षराचा पाय मोडणाऱ्या चिन्हाचा) तिसरा बाइट १४१, आणि विंडोज-१२५२ या कोडपेजमध्ये १४१ ची जागा रिकामी आहे. मधल्या एखाद्या टूलने तो बाइट गाळला की आधी जोडाक्षरं जातात.

प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर मात्र गोष्ट वेगळी. देवनागरी ज्यात बसतच नाही अशा कॅरॅक्टर सेटमध्ये (चिन्हांच्या संचात) कुणीतरी मजकूर बदलून टाकलेला असतो. ती प्रश्नचिन्हं खरोखर साठवली गेली असतील तर मूळ नावं बॅकअपमधूनच मिळवावी लागतात. (चौकोनी डबे दिसले तर फॉन्ट बघा. तिथे बहुतेक वेळा डेटाचा काही दोष नसतो.)

मायएसक्यूएल या डेटाबेसचा ‘यूटीएफ८’ हाही याच बाजूचा सापळा. त्यात एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट मिळतात. मराठी त्यात नेमकी मावते, म्हणून टेस्टिंगमध्ये कुणालाच काही खटकत नाही. मग एखादा ग्राहक अभिप्रायात इमोजी टाकतो आणि इन्सर्ट (नोंद घालणं) फेल होतं किंवा मजकूर तिथेच तुटतो. टेबल ‘यूटीएफ८एमबी४’वर न्या. ८.० आवृत्तीपासून डीफॉल्ट तेच आहे.

इथवरचं सगळं बाइटचं. पण बाइट अगदी बरोबर असूनही मराठी अडते, आणि तिथे यूटीएफ-८ला कितीही दोष दिला तरी उपयोग नाही. ‘श्री’ची लांबी किती? वाचणाऱ्याला एक अक्षर दिसतं. पायथन ३ ही प्रोग्रामिंग भाषा म्हणते ४, कारण ती कोडपॉइंट (युनिकोडचे क्रमांक) मोजते : श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. गो ही भाषा म्हणते १२, कारण ती बाइट मोजते. नावाच्या रकान्याला मर्यादा घालताना आपण यातलं काय मोजतोय, हे ठरवून घ्यायला हवं.

सर्वांत चिवट दुखणं आपल्या ‘ऱ’चं. ‘दऱ्या’ आणि ‘दर्‍या’ हे शब्द स्क्रीनवर सारखे दिसतात. पहिल्यात ‘ऱ’ हे २३५३ क्रमांकाचं स्वतंत्र चिन्ह आहे. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि पुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह. युनिकोडला दोन्ही मान्य आहेत, वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळं उमटवतात, आणि शोध घेताना एकाला दुसरा सापडत नाही. कऱ्हाडचा ग्राहक यादीत असूनही ‘निकाल नाहीत’ असं दिसतं ते यामुळे. नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याने) हे सुटेल असं वाटतं, पण त्याचा एनएफसी हा प्रकार फक्त ‘र’ अधिक नुक्ता (खालचा टिंब) यांना एकत्र करून ‘ऱ’ बनवतो. जॉइनरच्या रूपाला तो हात लावत नाही.

जॉइनर सरसकट काढून टाकणारा कोडही मी पाहिलाय आणि तो पाहून मला खरंच वाईट वाटतं. जॉइनर काढला की दऱ्यांचा दर्या (समुद्र) होतो, म्हणजे अर्थच बदलतो. त्याऐवजी ‘र, हलन्त, जॉइनर’ या क्रमाच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला, आणि हा बदल फक्त शोधासाठी ठेवलेल्या वेगळ्या रकान्यात आणि शोधायला टाइप केलेल्या शब्दात करा. माणसाने आपलं नाव जसं लिहिलं तसं मूळ रकान्यात राहू द्या.