४१ टक्के, पण कशाचे? अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या औषधांची तुलना

जत-आटपाडीकडून मिरजेला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा जुनाट आजार) दाखवायला आलेल्या पेशंटच्या फाइलमध्ये दुर्बिणीचा रिपोर्ट असतो, आणि मोबाइलमध्ये कुणीतरी पाठवलेला तक्ता. कुठलं इंजेक्शन किती टक्के, कुठली गोळी किती टक्के. त्यावर बोट ठेवून डॉक्टरांना विचारलं जातं, ‘यातलं सगळ्यात वरचं का देत नाही?’ घोळ मथळ्यातच आहे. तिथे ‘रेमिशन’ म्हणजे आजार शमणं, असं लिहिलेलं असतं, आणि गेल्या सत्तर वर्षांत या शब्दाचा अर्थ काही एका जागी राहिलेला नाही.

सल्फासॅलाझिन १९४० च्या सुमारास स्वीडनमध्ये सांधेदुखीसाठी निघालं आणि आतड्याला लागू पडलं. त्यातला कामाचा भाग म्हणजे आजचं मेसालामिन, हे १९७७ मध्ये सिद्ध झालं. त्याआधी १९५५ मध्ये ब्रिटनमधली कॉर्टिझोनची चाचणी गाजली होती. औषध घेणाऱ्यांपैकी ४१.३ टक्के लोक सहा आठवड्यांत रेमिशनमध्ये गेले, प्लासिबो म्हणजे नकली गोळी घेणाऱ्यांपैकी १५.८ टक्के. तेव्हा रेमिशन म्हणजे दिवसाला एक-दोनदा शौच, रक्त नाही, ताप नाही.

२०१३ मध्ये व्हेडोलिझुमॅब या बायोलॉजिकचा, म्हणजे जिवंत पेशींत बनवून इंजेक्शनने द्यायच्या औषधाचा, निकाल आला: दर आठ आठवड्यांनी इंजेक्शन घेणाऱ्यांत ४१.८ टक्के, प्लासिबोवर १५.९. आकडे जवळजवळ तेच, मोजलेली गोष्ट पार निराळी. आता हिशेब मेयो स्कोअरचा: शौचाच्या खेपा, रक्त, दुर्बिणीतून दिसणारं अस्तर आणि डॉक्टरांचं मत, प्रत्येकाला ० ते ३ गुण, आणि १२ पैकी बेरीज दोनच्या वर जाता कामा नये. मुदत ५२ आठवड्यांची. शिवाय पहिल्या सहा आठवड्यांत ज्यांना औषधाचा गुण आला, तेवढेच या टक्क्यांत धरले. सांगलीच्या सौद्यात निवडक हळकुंडाचा भाव अख्ख्या राशीचा म्हणून सांगितला तर कुणी ऐकून घेणार नाही. औषधांच्या तक्त्यात ते सर्रास खपतं.

तोवर प्रत्येक बायोलॉजिकची झुंज प्लासिबोशीच होती. दोन बायोलॉजिकं समोरासमोर आली ती २०१९ मध्ये: ७६९ पेशंट, एकीकडे व्हेडोलिझुमॅब, दुसरीकडे अ‍ॅडालिमुमॅब. ५२ आठवड्यांनी रेमिशन ३१.३ विरुद्ध २२.५ टक्के. व्हेडोलिझुमॅब जिंकलं, अशीच बातमी झाली. तेच औषध आधी ४१.८ होतं, इथे ३१.३, कारण इथे गुण न आलेलेही मोजणीत होते. पण स्टेरॉइड सुटून मिळालेलं रेमिशन पाहिलं तर पारडं उलटं फिरतं: व्हेडोलिझुमॅब १२.६, अ‍ॅडालिमुमॅब २१.८ टक्के. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक पक्का ठरला नाही, हे खरं. तरीही हा आकडा बातमीत पहिल्या ओळीत हवा होता असं माझं मत आहे. स्टेरॉइडने तोंड सुजलेल्या, साखर चढलेल्या माणसाला दुसरा कुठला आकडा महत्त्वाचा वाटेल? आणखी एक मेख म्हणजे दोन्ही गटांत डोस वाढवायला मुभा नव्हती. दवाखान्यात मात्र औषधाचा गुण कमी पडू लागला की अ‍ॅडालिमुमॅब पंधरा दिवसांऐवजी दर आठवड्याला देतात.

दरम्यान गोळ्यांनी चित्र बदललं. टोफासिटिनिब या गोळीला अमेरिकेत या आजारासाठी २०१८ मध्ये मान्यता मिळाली. २०२१ मध्ये हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कॅन्सरचा इशारा कडक झाला, पण तो आला संधिवाताच्या पन्नाशीपुढच्या, हृदयाला आधीच धोका असलेल्या पेशंटच्या चाचणीतून. कोलायटिसच्या पंचविशीतल्या पोराला तो कितपत लावायचा, यावर अजून एकमत नाही. आपल्याकडे देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्यावर हे औषध बायोलॉजिकपेक्षा कितीतरी स्वस्त झालं. सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी मात्र चुकत नाही.

२०२४ मध्ये दिल्लीतल्या चाचणीचा निकाल आला. तीव्र झटका येऊन भरती झालेल्या १०४ जणांना शिरेतून स्टेरॉइड, आणि त्यातल्या निम्म्यांना जोडीला टोफासिटिनिब. सातव्या दिवशी ८३ विरुद्ध ५९ टक्के. हे टक्के रेमिशनचे नाहीत, ‘प्रतिसादा’चे आहेत, आणि त्याची मोजपट्टीही मेयोची नव्हे, वेगळीच.