चांदीच्या डॉलरवर फिरणारं चाक

मध्यंतरी एका परिचितांनी अमेरिकेहून आलेला चांदीचा डॉलर दाखवायला आणला. १८८१ चा, सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीत पाडलेला मॉर्गन डॉलर. "काळपट पडला होता, टूथपेस्टनं घासून लख्ख केला," ते कौतुकानं म्हणाले. मला मनापासून वाईट वाटलं. देवघरातलं निरांजन घासावं, जुनं नाणं घासू नये.

मॉर्गन डॉलर १८७८ ते १९०४ आणि नंतर १९२१ मध्ये पाडले गेले. वजन २६.७३ ग्रॅम, त्यात ९० टक्के चांदी, बाकी तांबं. म्हणजे २४ ग्रॅमच्या किंचित वर शुद्ध चांदी. तेवढ्या चांदीचा बाजारभाव ही या नाण्याची सर्वांत खालची किंमत. संग्राहक त्याहून जास्त मोजतो तो दुर्मिळतेसाठी आणि नाण्याच्या पृष्ठभागासाठी.

या पृष्ठभागाची गोष्ट विलक्षण आहे. चांदीची कोरी चकती दोन पोलादी ठशांमध्ये दाबली जाते तेव्हा धातू वितळत नाही, पण वाहतो. मधून कडेकडे पसरताना तो ठशाला घासतो. हजारो नाणी पाडून झाली की ठशावर मध्यापासून कडेपर्यंत जाणाऱ्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात आणि पुढच्या प्रत्येक नाण्यावर त्या उतरतात. अशी प्रत्येक रेषा प्रकाश मुख्यतः स्वतःला काटकोनात असलेल्या दिशांना पसरवते. त्यामुळे एका दिव्याखाली नाणं धरलं तर ठरावीक रेषांकडूनच प्रकाश डोळ्यांपर्यंत येतो आणि समोरासमोर दोन उजळ पट्टे दिसतात. नाणं कलतं केलं की पट्टे गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. स्टीलच्या झाकणावर गोल घासलेल्या रेषांमुळे असेच पट्टे दिसतात. तिथे रेषा गोल असतात, इथे त्या किरणांसारख्या पसरलेल्या. टूथपेस्टमधले कण या रेषा खरवडतात आणि वर आडव्यातिडव्या ओरखड्यांचं जाळं सोडतात. मग नाणं चमकतं खरं, पण चाक फिरत नाही.

काळपटपणा म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. हवेतल्या, कागदातल्या, कापडातल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीची अभिक्रिया होऊन त्याचा थर बसतो. थर काही दहा नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीचा असताना त्याच्या वरच्या पृष्ठभागावरून आणि खालच्या चांदीवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात. काही तरंगलांबींच्या लहरी एकमेकींना मारतात. थर पातळ असताना निळा प्रकाश वजा होतो, म्हणून नाणं पिवळसर दिसतं. थर वाढला की हिरवा वजा होऊन जांभळट गुलाबी, मग तांबडा वजा होऊन निळा. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात त्याच नियमानं. असे नैसर्गिक रंग चढलेल्या नाण्यांना जाणकार जास्त किंमत देतात. टूथपेस्टनं जातो तो हाच थर.

 

दुर्मिळतेचा हिशेबही सरळ नाही. १८९३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फक्त १,००,००० डॉलर पाडले गेले. त्यातलं झिजलेलं नाणंही आज हजारो डॉलरला जातं. १९२१ मध्ये एकट्या फिलाडेल्फियात ४ कोटींहून जास्त पाडले गेले, म्हणून त्यातल्या झिजलेल्या नाण्याला चांदीच्या भावाहून फारसं जास्त मिळत नाही. पण पाडलेली सगळी नाणी उरली नाहीत. १९१८ च्या पिटमन कायद्यानुसार अमेरिकेनं सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले. कोणत्या वर्षाचे किती गेले याची नोंद ठेवली नाही. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटननं भारतासाठी विकत घेतली, कारण महायुद्धाच्या काळात इथे लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागत होते आणि सरकारी साठा आटत चालला होता. रुपये पाडले जात ते मुंबई आणि कोलकात्याच्या टांकसाळीत. तुमच्या घरी १९१८-१९ चा पंचम जॉर्जचा रुपया असेल, तर त्यात एखाद्या वितळलेल्या डॉलरची चांदी असू शकते. तो कडेनं धरा, एका दिव्याखाली कलता करून चाक फिरतं का पाहा, आणि घासू नका.