पोळीचं लाटणं आणि पापडाचं लाटणं: खरा फरक लेथवर कळतो

उन्हं तापू लागली की जळगाव-धुळ्याकडे उडदाच्या पापडांची लगबग सुरू होते आणि बाजारात लाटण्यांचे ढीग दिसू लागतात. जाड ते पोळीचं, बारीक ते पापडाचं, एवढ्यावर बहुतेकांची निवड संपते. पण फरक नुसत्या जाडीचा नाही. दोघांचा आकार वेगळा, लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कापायच्या यंत्रावर, घडवायची रीत वेगळी, आणि जे बारीक दिसतं तेच करायला जास्त अवघड.

पोळीचं लाटणं साधारण फूटभर लांब, मध्ये 4 सेंटीमीटरच्या आसपास जाड आणि दोन्ही टोकांकडे हळूहळू उतरत गेलेलं असतं. मधलं पोट शोभेसाठी नाही. एका हाताचा दाब किंचित वाढवला की लाटणं त्या बाजूला कलतं, पोळीच्या त्या कडेला जास्त ओढ बसते आणि पोळी पोळपाटावर आपसूक फिरते. कणीक मऊ असते, तिला एवढा इशारा पुरतो.

उडदाचं पीठ असं ऐकत नाही. पापडखार घालून भिजवलेला तो घट्ट गोळा तेलाचा हात लावत कुटायचा, ताणून लांब करायचा, दोऱ्यानं लाट्या कापायच्या. लाटी बोटानं दाबून बघा, खड्डा पडतो आणि लगेच भरूनही येतो. तिला पसरवायला दाब एका अरुंद पट्टीत एकवटावा लागतो. लाटणं जितकं बारीक तितकी पिठाला टेकणारी पट्टी अरुंद, म्हणून त्याच हाताच्या जोरात काम जास्त. शिवाय पापड मध्यापासून कडेपर्यंत सारखा पातळ हवा. पोटाच्या लाटण्यानं मध्य पातळ आणि कड जाड राहिली, तर भाजताना मध्य करपतो आणि कड कच्ची राहते. म्हणून पापडाचं लाटणं सरळ, दोन-अडीच सेंटीमीटरचं.

लेथवर दोघांची सुरुवात एकच. लाकडाचा चौकोनी तुकडा लेथच्या दोन टोकांमध्ये पकडायचा, खोलगट पटाशीनं कोपरे काढून गोल करायचा, मग तिरक्या पटाशीनं साफ करायचा. पोळीच्या लाटण्यात सांभाळायचं ते दिशेचं. पटाशी नेहमी जाडीकडून बारीककडे, म्हणजे पोटाकडून टोकाकडे न्यायची. उलट नेली तर ती लाकडाच्या धाग्यांच्या उघड्या टोकांत घुसते आणि तुसं उठतात. एवढं पाळलं की जाड तुकडा शांतपणे कापला जातो.

पापडाच्या लाटण्यात चढ-उतार नाही, पण लाकूड वाकतं. लांबी तेवढीच ठेवून जाडी निम्मी केली, तर तेवढ्याच दाबाखाली ते 16 पट जास्त वाकतं. पटाशी मध्यभागी आली की तुकडा तिच्यापासून पळतो, परत येतो, पुन्हा पळतो. कापण्याचा सलग आवाज तुटून खडखड सुरू होते आणि लाकडावर मळसूत्रासारख्या लाटा उमटतात. इथे घाई चालत नाही. पटाशीला ताजी धार लावायची, काप अगदी हलका घ्यायचा, वेग थोडा बदलून पाहायचा. कसलेला कारागीर डाव्या हाताची बोटं पलीकडून लाकडाला हलकेच टेकवून त्याला आधार देतो, पण सैल बाही किंवा गळ्यातलं उपरणं असताना हे कधीही करू नये. लेथचं मागचं टोक फार आवळलं तर बारीक लाकूड दाबानंच वाकतं, तेही सांभाळायचं. आणि उमटलेल्या लाटा पॉलिश पेपरनं जातील या आशेवर राहू नये. पेपर त्यांच्यावरून नुसता फिरतो, लाट तशीच राहते.

लाकूड दोन्हींना चांगलं सुकलेलं, सरळ धाग्याचं, गाठ नसलेलं हवं. शिसव, बाभूळ चांगली. सातपुड्याकडचा अंजन फार कठीण आणि जड, पटाशीची धार लवकर खातो. लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ कमी होत नाही, पण आडवं आकसतं, आणि तेही दोन दिशांना सारखं नाही: खोडाच्या वाढीच्या वर्तुळांच्या कडेनं जातं ते केंद्राकडे जाणाऱ्या दिशेच्या साधारण दुप्पट. ओल्या लाकडाचं गोल लाटणं जळगावच्या मे महिन्यात लंबगोल होतं ते यामुळे. पोळीच्या लाटण्यात ते खपून जातं, पापडाच्या लाटण्यात प्रत्येक फेरीला जाणवतं.

सारंगखेड्याच्या यात्रेत घ्या नाहीतर गावच्या बाजारात, सपाट फळीवर लाटणं लोळवून बघा. पापडाचं असेल तर सरळ जायला हवं आणि खालून कुठेही उजेड दिसता कामा नये. पोळीचं पोटावर टेकतं, दोन्ही कडांखाली सारखी फट दिसते. रंग किंवा चकचकीत व्हार्निश असलेलं घेऊ नका. घरी आणल्यावर जवसाचं तेल पातळ चोळून काही दिवस वाळू द्या. ते लाकडात सुकतं, शेंगदाण्याचं सुकत नाही आणि पुढे खवट वास देतं. धुवायचं तर पटकन धुऊन पुसून उभं ठेवा, पाण्यात भिजत टाकू नका.

करून घेणार असाल तर लेथवर काम करणाऱ्या खरादीदादांना "बारीक लाटणं द्या" एवढंच सांगू नका. पापडासाठी हवंय, मध्ये पोट नको, टोकापासून टोकापर्यंत एकच जाडी हवी, असं सांगा. आणि लाकूड कमी लागलं म्हणून भाव पाडू नका, कारण त्यात हाताचं काम जास्त आहे.