ओपनएसएसएच सर्व्हरचे पॅचिंग

दूरच्या संगणकावर लॉगिन करू देणाऱ्या एसएसएचडी या सेवेत सुरक्षा त्रुटी सापडली की तिच्या जागी दुरुस्त आवृत्ती बसवणे, आणि चालू असलेली सेवा खरोखरच नव्या आवृत्तीवर आली आहे याची खात्री करून घेणे, म्हणजे पॅचिंग. यातला दुसरा भाग बऱ्याचदा राहून जातो. ही सेवा सहसा २२ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या ठरलेल्या दारावर, सतत ऐकत बसलेली असते आणि तिचा मुख्य भाग रूटच्या, म्हणजे संगणकावरच्या सर्वोच्च, अधिकाराने चालतो. त्यामुळे पासवर्ड किंवा किल्ली (ओळख पटवणारी फाइल) विचारली जाण्याआधीच वापरता येणारी त्रुटी सर्वांत घातक मानतात.

ही सेवा ज्यावर चालते तो एसएसएच प्रोटोकॉल, म्हणजे सुरक्षित दूरस्थ लॉगिनची नियमावली, १९९५ मध्ये टाटू यलोनेन यांनी फिनलंडमध्ये तयार केला. विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले होते, हे त्याचे निमित्त. ओपनबीएसडी या कार्यप्रणालीच्या प्रकल्पाने १९९९ मध्ये काढलेले ओपनएसएसएच (एसएसएचडी हा त्याचाच भाग) आज बहुतेक लिनक्स सर्व्हरांवर असते.

पॅचिंगचे सगळे पेच एकत्र पाहायचे तर सीव्हीई-२०२४-६३८७ या क्रमांकाने नोंदलेल्या त्रुटीचे उदाहरण पुरेसे आहे. क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी १ जुलै २०२४ रोजी ती जाहीर केली. ‘रिग्रेशन’ या शब्दात एसएसएच ही अक्षरे बसवून तिचे नाव ठेवले गेले, कारण २००६ मध्ये बुजवलेलेच छिद्र पुन्हा उघडले होते. लॉगिन करायला आलेल्याने ठरावीक वेळेत, म्हणजे डीफॉल्टनुसार १२० सेकंदांत, ओळख पटवली नाही तर सर्व्हरला गजराचा सिग्नल येतो. तो हाताळणारा कोड लॉगमध्ये नोंद करायला जाई. लिनक्सवरच्या ग्लिबसी या मूलभूत लायब्ररीत ती नोंद करताना मेमरी मागितली जाऊ शकते. आणि नेमका त्याच क्षणी मूळ कोडही मेमरीची मांडणी बदलत असेल, तर ती अर्धवट अवस्थेत हल्लेखोराच्या हाती लागते. हा क्षण साधायला संशोधकांना ३२ बिट प्रणालीवर सरासरी सुमारे १०,००० प्रयत्न लागले. हा प्रकार टाळणारी अट २०२० मध्ये लॉगिंगच्या कोडची आवराआवर करताना गळून पडली आणि ८.५पी१ या आवृत्तीतून सगळीकडे पोहोचली. दुरुस्ती आली ९.८पी१ मध्ये. ओपनबीएसडीला मात्र याची झळ लागली नाही. तिथे सिग्नलमधून नोंद करण्यासाठी सुरक्षित फंक्शन आधीपासूनच वापरात होते.

आवृत्तीचा आकडा इथे फसवा ठरतो. लिनक्सची वितरणे, म्हणजे डेबियनसारखे तयार संच, बहुधा नवी आवृत्ती न घेता दुरुस्ती तेवढी जुन्या आवृत्तीत आणतात. याला बॅकपोर्टिंग म्हणतात. डेबियन १२ मध्ये ही दुरुस्ती ‘९.२पी१-२+डेब१२यू३’ या पॅकेजमध्ये आली. केवळ ‘९.२’ वाचून धोक्याची घंटा वाजवणारा, त्रुटी शोधणारा स्कॅनर इथे चुकतो. शेपटीकडचा ‘यू३’ पाहायला हवा.

पॅकेज बसवताना सेवा अनेकदा आपोआप रीस्टार्ट होते. पण कोड स्वतः कंपाइल केलेला असेल, किंवा फक्त एखादी लायब्ररी बदलली असेल, तर जुनी प्रोसेस जुनाच कोड मेमरीत घेऊन चालत राहते. तिने उघडलेल्या फाइलींच्या यादीत ‘डिलिटेड’ असा शेरा दिसतो. रीस्टार्टपूर्वी एसएसएचडीच्या ‘टी’ पर्यायाने कॉन्फिगरेशन तपासतात आणि एक सेशन उघडे ठेवून दुसऱ्या खिडकीतून नवे लॉगिन करून पाहतात. उघडे सेशन रीस्टार्टने सहसा तुटत नाही, त्यामुळे काही बिनसले तर आत शिरायला एक दार शिल्लक राहते. ही काळजी भित्रेपणाची वाटेल, पण दूरच्या सर्व्हरवर दुसरे दार नसते.

पॅच लगेच लावता येत नसेल तर लॉगिनग्रेसटाइम (ओळख पटवण्याच्या मुदतीची सेटिंग) शून्यावर आणण्याचा तात्पुरता उपाय सुचवला गेला. गजरच वाजत नाही, म्हणून कोड घुसवण्याचा मार्ग बंद होतो; मात्र अर्धवट जोडण्या तशाच अडकून राहतात आणि मॅक्सस्टार्टअप्सची, म्हणजे अशा अर्धवट जोडण्यांच्या संख्येची, मर्यादा भरली की खऱ्या वापरकर्त्यालाही प्रवेश मिळत नाही.

काही त्रुटींना पॅच पुरतच नाही. डेबियनच्या ओपनएसएसएल या कूटलेखन लायब्ररीच्या पॅकेजमधल्या एका बदलामुळे किल्ल्या बनवताना यादृच्छिकतेसाठी जवळजवळ फक्त प्रोसेसचा क्रमांक उरला होता. मे २००८ मध्ये हे उघड झाले. एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२,७६७ निघत. पॅकेज सुधारले तरी आधी बनलेल्या किल्ल्या कमकुवतच होत्या, त्या नव्याने तयार कराव्या लागल्या. शिवाय डेबियनवर बनवलेली किल्ली दुसऱ्या कुठल्याही प्रणालीच्या सर्व्हरवर ‘ऑथोराइज्ड कीज’ या, प्रवेशाची मुभा असलेल्या किल्ल्यांच्या फाइलीत पडलेली असू शकत होती. असा सर्व्हर स्वतः निर्दोष असूनही त्या फाइली चाळाव्या लागल्या.