हुकमी चलन

ज्या पैशाच्या बदल्यात सोने, चांदी किंवा दुसरी कोणतीही वस्तू देण्यास तो काढणारी सत्ता बांधलेली नसते, त्याला हुकमी चलन किंवा फियाट मनी म्हणतात. ‘फियाट’ हा लॅटिन शब्द. अर्थ ‘असे होवो’. आज जगातली जवळपास सगळी चलने या जातीची आहेत आणि भारतीय रुपयाही त्यांतलाच.

शंभराच्या नोटेवर धारकाला शंभर रुपये अदा करण्याचे वचन रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या सहीने छापलेले असते. ती नोट घेऊन कोणी बँकेत गेला, तर त्याला दुसऱ्या नोटा किंवा नाणी मिळतील, सोने मिळणार नाही. एक रुपयाच्या नोटेवर तर वचनही नसते, कारण ती भारत सरकारची नोट आहे आणि तिच्यावर वित्त सचिवांची सही असते. वचनांची साखळी जिथे येऊन थांबते तो रुपया केवळ कायद्याने रुपया आहे.

पूर्वी असे नव्हते. १८३५ च्या कायद्याने ठरलेला रुपया १८० ग्रेन वजनाचा होता आणि त्यात बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी असे. मुंबई किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शके, त्यामुळे नाणे वितळवले तरी फारसे नुकसान नव्हते. १८७० नंतर चांदी घसरत गेली आणि इंग्लंडला सोन्याशी बांधलेल्या पौंडात पाठवायच्या रकमा हिंदुस्थान सरकारला जड होऊ लागल्या. १८९३ मध्ये टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. नाणे तेच राहिले, खणखणाटही तोच. पण पुढे त्याची किंमत आतल्या चांदीपेक्षा वर गेली आणि किती रुपये पाडायचे हे एकटे सरकार ठरवू लागले. रुपया हुकमी होण्याची खरी सुरुवात इथे आहे, कागदी नोटेत नाही.

हा धोका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका ओळखला. रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये केलेल्या संशोधनात आणि पुढे भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी बोट ठेवले ते चलन काढण्याच्या सरकारी मोकळिकीवर. रुपया सोन्यात बदलून मिळतो की नाही, यापेक्षा रुपये काढण्याला पक्की मर्यादा आहे की नाही, हा प्रश्न त्यांच्या लेखी मोठा होता. पुढे १९३१ मध्ये सोन्याशी उरलेले नाते तुटले. १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक सुरू झाली तेव्हा नोटांमागे ४० टक्के सोने व स्टर्लिंग, म्हणजे ब्रिटिश चलनातले रोखे, ठेवण्याचे बंधन होते. १९५६ मध्ये ते प्रमाण काढून ठरावीक किमान निधीची पद्धत आली. १९५७ पासून हा निधी २०० कोटी रुपयांचा आहे, त्यात सोने ११५ कोटींचे. नोटा कितीही वाढल्या तरी हा आकडा हलत नाही.

मर्यादा सुटली की काय होते, ते दौलताबादच्या टांकसाळीनेही पाहिले आहे. १३३० च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने पितळ-तांब्याची नाणी चांदीच्या टंक्याच्या भावाने चालवली. सुलतानाची आज्ञा पाळणारा ईश्वराची आज्ञा पाळतो, असा मजकूर त्यांवर कोरला होता. हुकूम होता, धाकही होता. पण नक्कल रोखण्याची सोय नव्हती. खोटी नाणी इतकी झाली की खजिन्यातले सोने-चांदी देऊन ती परत घ्यावी लागली.

मग हुकमी चलनाला मूल्य कशाने येते? सरकार कर आणि दंड त्याच चलनात घेते, त्यामुळे प्रत्येकाला ते लागते. ते विधिग्राह्य असल्याने शंभराचे कर्ज शंभराच्या नोटेने फिटते. मात्र त्या नोटेला किती ज्वारी यावी, हे कायद्याला ठरवता येत नाही. ते बाजारातला माल, चलनाचा पुरवठा आणि उद्याही ही नोट चालेल हा भरवसा यांवर ठरते. नोव्हेंबर १९२३ मध्ये जर्मनीत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते, आणि मार्क तेव्हाही कायदेशीर चलनच होता. म्हणूनच २०१६ पासून भारतात कायद्याने महागाईचे लक्ष्य ठरवले जाते. ते ४ टक्के आहे, दोन टक्के वर-खाली.

याच्या उलट उदाहरण इराकचे. १९९३ मध्ये बगदादच्या सरकारने जुन्या २५ दिनारांच्या नोटा रद्द केल्या, पण उत्तरेकडच्या कुर्द भागात त्या चालतच राहिल्या. त्यांना ‘स्विस दिनार’ म्हणत. पाठीशी सरकार नव्हते आणि नोटा जीर्ण होत होत्या. पण नवीन छापणेही कोणाला शक्य नव्हते. बगदाद मात्र आपल्या नोटा भराभर छापत होते. २००३ मध्ये नवे चलन आले तेव्हा बगदादच्या एका दिनाराला एक नवा दिनार मिळाला, आणि रद्द झालेल्या एका स्विस दिनाराला १५०.