गिअर अडकायला लागले, तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी हे वाचा

आमच्या सर्व सायकलवाल्या ग्राहकांसाठी

रविवारी पन्हाळा किंवा जोतिबा करून आलेली मंडळी सोमवारी दुकानात आली की बहुतेकांची तक्रार ठरलेली असते. चढाला गिअर लवकर पडत नाही, पडला तर टिकत नाही, मधेच कट्‌कन उडी मारतो. त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य येतं : "म्हणून जरा स्क्रू फिरवून बघितला, तर आणखीच बिघडलं." हे पत्रक मुख्यतः त्या दुसऱ्या वाक्यासाठी छापलंय. टायर, सीट, चेन याबद्दलही पुढे थोडं आहे. पण सगळं वाचायला वेळ नसेल, तर निदान हा पहिला भाग वाचाच.

मागच्या डिरेलरवर, म्हणजे चेनला एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या मागच्या चाकापाशी असलेल्या भागावर, शेजारी शेजारी दोन बारीक स्क्रू असतात. बाजूला इंग्रजी 'एच' आणि 'एल' अक्षरं कोरलेली असतात. डिरेलर उघडा दिसतो, स्क्रू समोरच असतात, त्यामुळे गिअर इथूनच सेट होत असणार असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात हे स्क्रू म्हणजे शेताच्या दोन बाजूंचे बांध आहेत. 'एच'चा स्क्रू चेनला सगळ्यात लहान चक्रीच्या पलीकडे फ्रेमवर जाऊ देत नाही. 'एल'चा स्क्रू तिला सगळ्यात मोठ्या चक्रीच्या पलीकडे स्पोकमध्ये जाऊ देत नाही. मधल्या सहा, सात, आठ गिअरशी त्यांचा काडीचाही संबंध नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. हे स्क्रू आपोआप सहसा फिरत नाहीत. गेल्या महिन्यात तुमची सायकल लोण्यासारखी गिअर बदलत होती आणि आज बदलत नाही, तर या महिन्यात बदललं ते काहीतरी दुसरंच. केबलचा ताण गेला असेल, केबलमध्ये गंज किंवा माती बसली असेल, किंवा हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो छोटा तुकडा, वाकला असेल. स्क्रू तिथेच होते, तसेच होते. ते फिरवले की मूळ दोष जागेवर राहतो आणि वर दुसरा दोष तयार होतो.

'एल'चा स्क्रू सैल झाला तर काय होतं, ते स्पष्टच सांगतो, कारण त्यात पैसे तर जातातच, माणूसही पडू शकतो. चढ लागला, तुम्ही शेवटचा हलका गिअर टाकला, सगळं वजन पेडलवर आहे. चेन मोठ्या चक्रीवर न थांबता पलीकडे स्पोकमध्ये उतरते. डिरेलरही चाकात ओढला जातो, चाक त्याला फिरवत वर नेतं आणि क्षणात हँगर तुटतो, डिरेलर पिळवटतो, दोन-चार स्पोक जातात. सपाटीवर, सायकल उलटी करून हाताने पेडल फिरवताना यातलं काही कळत नाही. कळतं ते पन्हाळ्याच्या चढावर.

मग बघायचं काय?

आधी केबल. डिरेलरमध्ये केबल जिथे शिरते तिथे हाताने फिरणारी एक गोल खाचेरी नळी असते, तिला बॅरल अ‍ॅडजस्टर म्हणतात. काही सायकलींना ती हँडलवर शिफ्टरपाशी, म्हणजे गिअर बदलायच्या खटक्यापाशी असते. चेन लहान चक्रीवरून मोठीवर चढताना अडत असेल, तर केबल सैल पडली आहे. मागे उभं राहून ही नळी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला पाव फेरा फिरवा, पेडल मारून बघा, लागलं तर आणखी पाव फेरा. उलट, चेन मोठ्या चक्रीवरून लहानवर उतरायला आळस करत असेल, तर केबल जास्त ताणलेली आहे किंवा आत घाण बसली आहे. नळी काट्यांच्या दिशेने पाव फेरा फिरवून बघा. एवढं घरी करायला आमची काहीच हरकत नाही, उलट प्रत्येकाने शिकावं. या नळीने मोठं नुकसान होत नाही आणि फेरे लक्षात ठेवले तर पुन्हा पहिल्या जागी येता येतं.

नवीन सायकलला हे पहिल्या काही आठवड्यांत हमखास लागतं, कारण नवी केबल आणि तिचं कव्हर वापरून जागेवर बसतात आणि ताण थोडा उतरतो. सायकल खराब निघाली असं समजू नका. आमच्याकडून घेतलेल्या सायकलची पहिली सर्व्हिसिंग मोफत असते ती यासाठीच, तरी निम्मी मंडळी ती घ्यायला येतच नाहीत. यावं, ही विनंती.

नळी पुन्हा पुन्हा फिरवावी लागत असेल, आठवड्याला ताण जातोय असं वाटत असेल, तर थांबा. शिफ्टरच्या आत केबल जिथे वळते तिथे तिचे बारीक धागे एकेक करून तुटत असतात. बाहेरून काही दिसत नाही. पूर्ण तुटली की चेन सगळ्यात लहान चक्रीवर जाऊन बसते आणि घरी परतायचा प्रत्येक चढ त्याच जड गिअरवर काढावा लागतो. तुटलेले धागे शिफ्टरच्या आत अडकले तर ते चिमट्याने एकेक काढायला तासभर जातो. वेळेत बदलली तर केबल हा सायकलमधला सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक आहे.

आता हँगर. फ्रेम आणि डिरेलर यांच्या मधला हा अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणजे धक्का बसला की तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. रंकाळ्यावर सायकल लावली आणि शेजारची स्कूटर काढताना कुणीतरी ती पाडली, गाडीच्या डिकीत गिअरची बाजू खाली घालून ठेवली, ट्रॅव्हल्सच्या पोटात बॅगांखाली आली, किंवा ऑनलाइन मागवली आणि खोक्यातूनच वाकून आली, कारण काहीही असो, दोन-तीन मिलिमीटरचा फरक गिअर बिघडवायला पुरतो. डोळ्याला तो दिसेलच असं नाही. तरी मागे बसून चाकाच्या रेषेत बघा : डिरेलरची दोन छोटी चाकं वरच्या चक्रीच्या सरळ खाली यायला हवीत. खालचं चाक आत स्पोककडे झुकलेलं दिसलं तर हँगर वाकलाय. दुसरी खूण अशी, की केबलच्या नळीने मोठ्या चक्र्या नीट केल्या की लहान बिघडतात, लहान नीट केल्या की मोठ्या. असा खेळ सुरू झाला की नळी सोडून द्या आणि सायकल घेऊन या.

हँगर आम्ही हाताने किंवा पान्याने वाकवत नाही. डिरेलर काढून त्या जागी गेज लावतो आणि रिमच्या चारही बाजूंना अंतर मोजून सरळ करतो. "एवढ्याशा तुकड्याचे वेगळे पैसे कसले?" असं काही जण विचारतात. पैसे त्या मोजणीचे आहेत. ती न करता केलेलं ट्युनिंग चार दिवस टिकतं आणि मग तुम्हाला पुन्हा यावं लागतं, आम्हालाही पुन्हा तेच काम करावं लागतं. एकदा-दोनदा सरळ केलेला हँगर पुढे कमजोर होतो, मग बदललेला बरा. हँगरचे आकार मात्र शेकड्याने आहेत, एका कंपनीच्या दोन मॉडेलचाही जुळेल असं नाही. म्हणून लांबच्या राइडला जाणाऱ्यांना आम्ही आपल्या सायकलचा एक जादा हँगर सीटखालच्या पिशवीत ठेवायला सांगतो. तो मागवायला वेळ लागतो, म्हणून आंबोलीला किंवा कोकणात उतरायचं ठरलं असेल तर आधीच सांगा.

सायकल गाडीत घालताना मागचा गिअर सगळ्यात मोठ्या चक्रीवर टाका, म्हणजे डिरेलर आत सरकून राहतो, आणि गिअरची बाजू कायम वर ठेवा. भिंतीला टेकवताना डावी बाजू भिंतीला. एवढं पाळलं तरी निम्मे हँगर वाचतील.

वेळेचा हिशेबही सांगून ठेवतो. नुसता केबलचा ताण गेला असेल तर काम दहा मिनिटांचं आहे, तुमचा चहा होईपर्यंत सायकल तयार. एच, एल आणि हँगरपाशी असलेला तिसरा, असे सगळे स्क्रू फिरवलेले असतील, तर आम्हाला केबल सोडून शून्यापासून सुरुवात करावी लागते : हँगर मोजा, दोन्ही हद्दी लावा, केबल नव्याने ताणा, मग एकेक गिअर. त्याला पूर्ण सर्व्हिसिंगचा दर लागतो आणि सायकल ठेवून जावी लागते. "तुम्ही काही फिरवलं का?" असं आम्ही दारातच विचारतो ते रागवायला नव्हे. खरं उत्तर मिळालं की कुठून सुरुवात करायची ते कळतं. यूट्यूबवरचे व्हिडिओ चुकीचे असतात असंही आमचं म्हणणं नाही. त्यातले बरेचसे नवा डिरेलर बसवताना काय करायचं ते दाखवतात, चालती सायकल बिघडली तर काय करायचं ते नाही.

उद्यमनगरातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या आमच्या ग्राहकांना एक वेगळी विनंती. तुमच्या हातात कसब आहे आणि घरी हत्यारं आमच्यापेक्षा चांगली आहेत. पण तुमचा हात लोखंडाला सरावलेला, आणि सायकलचे बरेच भाग अ‍ॅल्युमिनियमचे. हँडलच्या स्टेमचे (हँडल फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट साधारण पाच-सहा न्यूटन मीटरलाच आवळायचे असतात, नेमका आकडा बहुधा स्टेमवरच छापलेला असतो. आणि डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, ते ताकदीने सरळ आवळून क्रँकचे (पेडल ज्यात बसतं त्या दांड्याचे) आटे गेलेले आम्ही वारंवार बघतो.

टायर आणि हवा

टायरच्या बाजूला किती पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) चालतात ते छापलेलं असतं. तो आकडा कमाल मर्यादेचा, तेवढी भरायलाच हवी असं नाही. सत्तरेक किलोच्या माणसाला २५ मिलिमीटरच्या रोड टायरमध्ये ८० ते ९०, ३२ च्या हायब्रिडमध्ये ६० ते ७०, आणि दोन इंची एमटीबी (माउंटन बाइक) टायरमध्ये ३० ते ४० पुरते. वजन जास्त असेल तर थोडी जास्त, मागे पुढच्यापेक्षा जरा जास्त, पावसात जरा कमी. अंगठ्याने दाबून रोड टायरचा अंदाज येत नाही. साठ आणि नव्वद दोन्ही बोटाला टणकच लागतात. गेजवाला उभा पंप घरी ठेवा. बारीक टायरची हवा आपोआप उतरते, दर राइडआधी बघावी लागते.

पंक्चर झालं की ट्यूब वाचायला शिका. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली. छिद्र आतल्या, रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप सरकलीय. बाहेरच्या बाजूला एकच बारीक भोक असेल तर काटा. तो काटा अजून टायरमध्येच असण्याची शक्यता मोठी. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं हळू फिरवा, पूर्ण गोल. उसाच्या रानातल्या वाटांवर बाभळीचा काटा आणि हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या तारा, हे आपल्याकडचे दोन मुख्य दोषी. तार बोटाला जेमतेम टोचते. ती राहिली तर दुसरी ट्यूबही चार किलोमीटरवर जाते, आणि मग ट्यूब खराब दिली म्हणून ती आमच्याकडे परत येते.

ट्यूब घ्यायला येताना "अठ्ठावीसची द्या" एवढंच सांगू नका. जुन्या काळ्या सायकलचा अठ्ठावीस इंची टायर बहुधा ६३५ मिलिमीटरच्या रिमचा, हायब्रिडचा आणि रोडचा ६२२ चा. टायरवर ३२-६२२ असा जोडआकडा असतो, त्याचा फोटो काढून आणा. व्हॉल्व्ह जाड आहे की बारीक, तेही बघा.

सीट, चेन, ब्रेक

दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील एवढी सीट खाली ठेवायची सवय आपल्याकडे फार. त्यानेच गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. टाच पेडलवर ठेवा, पेडल तळाला न्या, पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा योग्य तेवढा वाकतो. कंबर डावी-उजवीकडे डुलायला लागली तर सीट जास्त वर गेली. सीट पोस्टवरच्या खुणेच्या वर कधीच नेऊ नका. नवीन सायकल देताना हे माप आम्ही सायकलवर बसवूनच घेतो, घाई असली तरी ती दहा मिनिटं काढा.

चेनला रॉकेल किंवा डिझेलने आंघोळ घालू नका, आणि गंज सोडवायचा स्प्रे हे चेनचं वंगण नाही. पावसाळ्यात गगनबावड्याकडून आलात की साध्या पाण्याने धुवा, पुसा, वाळवा, मग चेनच्या प्रत्येक जोडाला एक थेंब ऑइल, आणि वरचं पुसून काढा. ब्रेकच्या डिस्कवर ऑइलचा एक शिंतोडाही नको, ब्रेक ओरडायला लागतो आणि पॅड फुकट जातात. चेन झिजलीय का ते बघायला आमच्याकडे गेज आहे, दुकानावरून जाताना कधीही थांबा, त्याचे पैसे घेत नाही. वेळेत चेन बदलली तर कॅसेट (मागच्या चक्र्यांचा संच) वाचते, आणि कॅसेट चेनपेक्षा खूप महाग.

सर्व्हिसिंगसाठी

शनिवारी संध्याकाळी सायकल आणून रविवारी पहाटे मागू नका. गिअर लावल्यावर आम्ही प्रत्येक सायकल टेंबलाईच्या चढावर चालवून बघतो, कारण स्टँडवर नीट चालणारा गिअर वजनाखाली उडी मारू शकतो. हे अंधारात होत नाही. मंगळवार ते गुरुवार गर्दी कमी असते, सकाळी आणलेली सायकल बहुधा संध्याकाळी मिळते.

आणताना बाटली, लाइट, पिशवी काढून आणा. कोणत्या चक्रीवरून कोणत्या चक्रीवर जाताना अडतं, आणि सपाटीला की चढाला, एवढं कागदावर लिहून हँडलला अडकवा. सायकल मध्यंतरी पडली असेल तर तेही लिहा.